दुधाच्या दातांची कीड

दात ‘किडला’ असे आपण सहज म्हणतो. परंतु या एका शब्दात वैद्यकाचा फार जुना इतिहास साठलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दातांचे जे आठ रोग सांगितले आहेत, त्यांपैकी एकाचे नावच ‘कृमिदंतक’ असे आहे. दाताला किडा पोखरतो ही समजूत केवळ आपलीच नव्हे. प्राचीन बाबिलोनातही ती होती. १८९० साली डब्ल्यू. डी. मिलर यांनी बर्लिन येथील प्रयोगांवरून असे प्रतिपादन केले की, तोंडातील सूक्ष्म जंतू अन्नातील साखर व पिष्ट यांचे अम्ल करतात आणि ते अम्ल दाताचे कवच विरघळविते. १९२४ साली क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून अशा एका जंतूचा शोध लावला. कीड आहे खरी, पण ती जगते आपण भरविलेल्या गोडावर.

आमच्या सीमाभागास हा इतिहास परका नाही. बेळगाव जिल्हा उसाचा. उगारचा साखर कारखाना १९३९ सालचा. बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट यांची कीर्ती दूरवर गेलेली. पूर्वी गोड हे सणावाराचे होते. आता ते बिस्किटे, चॉकलेटे व गोळ्या यांच्या रूपाने मुलांच्या हाती दिवसभर असते. निपाणीची बाजारपेठ तंबाखूची. मुलाचा दात ठणकू लागला की चिमूटभर मशेरी लावावी, हा उपाय अनेक घरांतून चालत आला आहे. मशेरीने ठणका क्षणभर बधिर होतो, कीड मात्र थांबत नाही. आणि कोवळ्या वयात तंबाखूची सवय जडते ती निराळीच.

हा प्रश्न केवढा मोठा आहे? भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर केलेल्या पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे बालवाडीत जाणाऱ्या दर दोन मुलांमागे एक!

तरीही “दुधाचेच दात, पडायचेच आहेत” असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. दुधाच्या वीस दातांपैकी दाढा दहाबारा वर्षांपर्यंत टिकावयाच्या असतात, आणि येणाऱ्या दातांची जागा त्याच राखून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, मागे कायमची दाढ उगवते. तिला दुधाची समजून तिचीही हेळसांड होते.

यावर आमचे म्हणणे एवढेच की, देवापुढील खडीसाखर किंवा जेवणातला गोड घास हा अपराधी नव्हे. अपराध आहे तो वारंवारतेचा. प्रत्येक गोड घासानंतर अम्लाचा मारा सुमारे अर्धा तास चालतो. मूल दिवसभर काही ना काही चघळत राहिले तर दातास विसावा कसा मिळावा? निजताना तोंडात दुधाची बाटली राहू देणे हे त्याहून वाईट. सुश्रुताने दंतधावनास निंब, खदिर व करंज यांची काष्ठे सांगितली आणि ते नित्यकर्मात गणले. आज काष्ठाच्या जागी कुंचला व फ्लोराइडयुक्त दंतलेप आला, तरी ते कर्म नित्यच राहिले पाहिजे. विशेषतः रात्री निजण्यापूर्वी, आणि लहानग्यांच्या बाबतीत आईबापांच्या हातून. बेळगावात के. एल. ई. संस्थेचे दंतमहाविद्यालय १९८५ पासून आहे. दाढ ठणकण्याची वाट न पाहता मुलांस दंतवैद्यास दाखविण्याची रीत आपल्या घराघरांत पडावी, ही आमची वाचकांस विनंती आहे.