आळशी माणसाच्या झाडाचा कष्टाळू इतिहास

ऑफिसच्या रिसेप्शनपासून टू-बीएचकेच्या बाल्कनीपर्यंत एक झाड हल्ली सगळीकडे दिसतं. तलवारीसारखी उभी पानं, त्यावर सापासारखे पट्टे. स्नेक प्लांट! इंग्रजीत याला 'सासूची जीभ' असंही म्हणतात (नाव कुठल्यातरी सूनबाईंनी ठेवलेलं असणार). पाणी नको, ऊन नको, कौतुक नको. थोडक्यात, आळशी माणसाचं झाड. पण मंडळी, या घराण्याचा इतिहास बघितलात तर आळसाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

संस्कृतात धनुष्याच्या दोरीला 'मौर्वी' म्हणतात, कारण ती मूर्वा नावाच्या वनस्पतीच्या धाग्याची असायची. आता ही मूर्वा नेमकी कोणती यावर वाद आहे. आपल्याकडे मोरवेलीलाही मूर्वा म्हणतात. पण बऱ्याच अभ्यासकांनी बोट दाखवलंय ते स्नेक प्लांटच्या भारतीय चुलतभावाकडे. त्याच्या पानांतून लांब, चिवट धागा निघतो.

हा धागा पुढे इंग्रजांच्याही नजरेत भरला. ब्रिटिश आरमाराच्या दोरखंडांचं हेम्प रशियातून यायचं. युद्ध पेटलं की पुरवठा तुटायची भीती. १७९३ पासून कलकत्त्याच्या बोटॅनिक गार्डनचा प्रमुख असलेला विल्यम रॉक्सबर्ग मग भारतीय धाग्यांच्या मागे लागला. त्याने तपासलेल्या झाडांत हा चुलतभाऊही होता. पुढे त्याला रॉक्सबर्गचंच नाव मिळालं.

आपल्या कुंडीतलं झाड मात्र मूळचं आफ्रिकेतलं, नायजेरिया ते काँगो या पट्ट्यातलं. गंमत म्हणजे त्याचं शास्त्रीय नाव पडलं ते बंगालच्या वनस्पतींवरच्या पुस्तकात! १९०३ साली डेव्हिड प्रेनने त्याला 'सॅन्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा' म्हटलं. २०१७ मध्ये त्याला 'ड्रेसिना' कुळात हलवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन मॉड्यूल्स मर्ज केली, जुन्या नावाने हाक मारणारे अजून आहेतच.

दोर वळायचं काम सुटलं, तसं याच्या गळ्यात हवा शुद्ध करायचं काम पडलं. १९८९ च्या नासाच्या अहवालात हे झाड होतं हे खरं. पण ते प्रयोग छोट्या बंद पेट्यांमधले होते. २०१९ च्या एका आढावा-निबंधाचा हिशोब असा, की इमारतीत नेहमी खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील. म्हणजे हॉलमध्ये सोफ्याच्या जागी जंगलच! त्यापेक्षा खिडकी उघडा.

मग याची खरी कमाल कशात आहे? हे झाड रात्री पानांची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतं आणि दिवसा ती जवळजवळ मिटून घेतं. त्यामुळे पाणी फार उडत नाही. कोरड्या दिवसांची ही तयारी त्याने आपल्या ऑफिससाठी केलेली नाही, पण फायदा आपल्याला होतो. तोटा एवढाच, की दुर्लक्षाने हे झाड क्वचितच मरतं. मरतं ते लाडाने. रोज थोडं थोडं पाणी घातलं की मातीखालचा कंद कुजतो आणि पानं वरून हिरवी असतानाच बुडाशी मऊ पडून आडवी होतात.

तेव्हा माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नाही. पावसाळ्यात तर हात आणखी आखडता. अंधारात तगतं, पण वाढतं खिडकीशीच. पिवळ्या काठाचं असेल तर कंदासकट फुटवा वेगळा करून लावा. नुसतं पान तोडून लावलंत तर नव्या रोपाला तो काठ येत नाही.

असो. कुंडीला खाली भोक आहे ना, तेवढं आज बघून घ्या.