शेंब खाणाऱ्याचं कूळ

आव पडली की आपल्याला आतड्यातल्या शेंबेची आठवण होते. एरवी मात्र हाच बुळबुळीत थर आतड्याच्या अस्तराची राखण करतो. गंमत म्हणजे तोच खाऊन जगणारा एक जिवाणूही तिथे वस्तीला असतो.

तो सापडला नेदरलँड्समध्ये. वागेनिंगेन विद्यापीठातल्या म्युरिएल देरियाँ आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसाच्या विष्ठेतून तो वेगळा काढला, 2004 साली जाहीर केला. युक्ती अशी: जिवाणूंच्या गर्दीला बाकी काही न देता डुकराच्या जठरातली शेंब तेवढी वाढायची. जो तगेल तो आपला. नाव पडलं ॲकरमान्सिया म्युसिनिफिला. म्युसिनिफिला म्हणजे शेंबेचा शौकीन. ॲकरमान्सिया हे सूक्ष्मजीवतज्ज्ञ आंतोन ॲकरमान्स यांच्यावरून. डचमध्ये ‘अकर’ म्हणजे शेत, ‘अकरमान’ म्हणजे शेतकरी. आपल्याकडे जन्मता तर आडनाव नांगरे लागलं असतं!

मधुमेहाशी या जिवाणूची सोयरीक जुळली बेल्जियममध्ये. शेंबेचा थर विरळ झाला की जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात, शरीरात मंद दाह सुरू होतो आणि पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, अशी तिथले संशोधक पात्रिस कानी यांची मांडणी होती. 2013 मध्ये त्यांनी लठ्ठ उंदरांना हा जिवाणू दिला. थर पुन्हा जाड झाला, साखर सुधारली. कडक उष्णतेने मारलेला जिवाणू दिला तेव्हा काहीच झालं नाही.

पुढे त्यांनी तो दुधासारखा पाश्चराइझ केला, 70 अंशांवर अर्धा तास. आणि हा मेलेला जिवाणू जिवंतापेक्षा सरस ठरला! त्याच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन या तापमानाला टिकतं, हे त्याचं एक कारण. 2019 मध्ये माणसांवर तीन महिन्यांचा प्रयोग झाला. वजन जास्त असलेले, इन्सुलिनला दाद न देणारे 32 जण शेवटपर्यंत टिकले. पाश्चराइझ केलेला जिवाणू घेणाऱ्यांत जिवाणू नसलेली लटकी मात्रा घेणाऱ्यांच्या तुलनेत इन्सुलिनचा गुण सुमारे 29 टक्क्यांनी वाढला. आकडा घसघशीत, पण माणसं 32च. विक्रीच्या डब्यावर तो छापण्याची घाई मला पटत नाही.

शिवाय मधे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी आहे. मधुमेह्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची जी ‘ओळख’ म्हणून मांडली जात होती, तिच्यातला बराच भाग रोगाचा नसून या गोळीचा आहे, असं 2015 मध्ये दिसलं. आणि 2017 मध्ये आढळलं, की ही गोळी सुरू केल्यावर आतड्यात जे वाढतात, त्यांत हे नांगरेही आहेत.