कापलेली कड

गोधडीचा इतिहास लिहावा, असे कोणा बखरकाराला वाटले नाही. जुनेराची नोंद दप्तरात होत नसते. मराठीत ती गोधडी किंवा वाकळ, कानडीत कौदी. धावदोरा मात्र दोन्हींचा एकच.

क्रोशाने विणलेले चौकोन जोडणे सोपे, कारण त्यांना स्वतःची कड असते. फाडलेल्या लुगड्याच्या तुकड्याला ती नसते. म्हणून कड आत दुमडून मगच तो टाचावा लागतो. नाही तर धुण्यात त्याच्या दशा सुटतात.

जुना बीदर जिल्हा असाच फाडला गेला. राज्यपुनर्रचना कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आंध्रात, आणि कमलनगरचा मुलूख म्हैसूर राज्यात. कमलनगरहून उदगीरकडे जाणारी आगगाडी पूर्वीच्याच रुळांवरून धावत राहिली. मध्ये सीमा तेवढी आली.

कायदेकर्त्यांना कडेचा विसर पडला होता, असे मात्र नव्हे. त्याच दिवशी अंमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क घातला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. ही दुमडलेली कड होय. परंतु ‘प्रयत्न’ हा शब्द म्हणजे कच्चा टाका. तो पक्का करणे कलमाच्या हाती नसते. सीमेवरच्या शाळेत मराठीचा वर्ग भरतो की नाही, यावरच ते ठरते.