बीरुम : मध्ययुगीन बाप्तिस्माकुंडाचे गाव

बीरुम. नेदरलँड्सच्या ईशान्य टोकाला, ग्रोनिंगेन प्रांतातील एक लहान खेडे. एम्स नदी समुद्राला मिळते त्या विस्तीर्ण खाडीच्या अलीकडे ते वसले आहे. खाडीच्या पलीकडच्या तीरावर जर्मनी. १९९० पर्यंत बीरुमला स्वतःची नगरपालिका होती. नंतर ते डेल्फझाइल नगरपालिकेत गेले आणि १ जानेवारी २०२१ पासून एम्सडेल्टा नगरपालिकेत मोडते. गाव सपाट चिकणमातीच्या मुलखात असले तरी थोडे उंचावर दिसते, कारण ते माणसांनी रचलेल्या टेकाडावर आहे. समुद्राला बांध घालण्यापूर्वी या किनाऱ्यावरील लोक शेण, माती आणि घरातला केरकचरा यांचे थरावर थर चढवून भरतीच्या पाण्यापासून घरे वाचवीत. अशा टेकाडाला तिकडे ‘विअर्डे’ म्हणतात. बीरुमच्या विअर्डेवर संत सेबास्टियनचे विटांचे चर्च आहे आणि त्या चर्चमध्ये बेंटहाइमच्या वालुकाश्मातून घडवलेले तेराव्या शतकातील बाप्तिस्माकुंड आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः या कुंडाविषयी आहे.

चर्चची वास्तू तेराव्या शतकातील असून या प्रदेशात रोमनेस्क आणि गॉथिक यांच्या मेळातून जी विटांची शैली घडली, तिचा तो चांगला नमुना आहे. मनोऱ्याखालची जमीन खचू लागल्याने त्याला पश्चिमेकडून एका अजस्र तिरप्या कमानीचा टेकू द्यावा लागला. हा टेकू दुरून येणाऱ्याच्या नजरेत आधी भरतो आणि गावाची खूणच बनला आहे. आत घुमटाकार छते, मध्ययुगीन रंगचित्रांचे अवशेष आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रायटाख या नामवंत कारागिराने बांधलेला ऑर्गन आहे. जाणकार ऑर्गनसाठी मुद्दाम येतात. कुंडापाशी मात्र फार कोणी थांबत नाही. त्याचे मोल कळायला आधी हे ध्यानात घ्यावे लागते की या सबंध मुलखात दगडच नाही.

जमीन खणली तर इथे चिकणमाती लागते, काही ठिकाणी पीट; खडक लागत नाही. म्हणून बाराव्या शतकात वीट भाजण्याची कला इकडे आली तेव्हा तिचे एवढे स्वागत झाले. पायाखालच्या मातीतूनच भिंती उभ्या राहू लागल्या. त्याआधीच्या चर्चसाठी जर्मनीतल्या आयफेल डोंगरातला टफ दगड जलमार्गाने आणावा लागे. वीट आल्यावर भिंतींचा प्रश्न सुटला, पण कुंड विटांचे करून भागण्यासारखे नव्हते. पवित्र केलेले पाणी त्यात महिनोन्महिने राहायचे, म्हणून ते अखंड आणि टिकाऊ असणे आवश्यक होते. म्हणजे सारे चर्च गावच्या मातीचे आणि कुंड तेवढे परमुलखातले, अशी स्थिती झाली.

तो परमुलूख म्हणजे आजच्या जर्मनीच्या नीडरझाक्सन राज्यातील बेंटहाइम आणि त्याच्या शेजारचे गिल्डेहाउस. तिथला वालुकाश्म १३ ते १४ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडाच्या आरंभी, उथळ समुद्रात साचलेल्या वाळूपासून तयार झाला. त्यात क्वार्ट्झचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असते. रंग पांढुरका ते मधासारखा पिवळा. दगड बारीक कणांचा आणि एकजिनसी असल्याने छिन्नी हव्या त्या दिशेने चालते, शिवाय हवामानालाही तो चांगला तोंड देतो. ‘बेंटहाइमचे सोने’ हे नाव त्याला उगाच मिळालेले नाही. खाणीतून निघालेला माल बैलगाडीने किंवा घोडागाडीने फेख्त नदीपर्यंत आणायचा, तिथून सपाट तळाच्या होड्यांतून नेदरलँड्सच्या दिशेने सोडायचा, हा व्यापार कित्येक शतके चालला. कच्च्या दगडाबरोबर घडवलेल्या वस्तूही या खाणींतून दूरवर जात, आणि बाराव्या-तेराव्या शतकांत त्यांतली सर्वांत मोठी मागणी बाप्तिस्माकुंडांना होती. ग्रोनिंगेन, ड्रेन्थ, फ्रीसलंड, ओव्हरआइसल आणि जर्मनीतील पूर्व फ्रीसलंड व वेस्टफालिया या प्रदेशांतील खेड्यापाड्यांत ही कुंडे आजही आढळतात. कलेतिहासात ती ‘बेंटहाइम कुंडे’ याच नावाने ओळखली जातात.

या कुंडांचा घाट ठरलेला होता. खाली चौकोनी बैठक, मधे आखूड जाड खांब आणि वर घेरदार गोल पात्र. सगळे मिळून साधारण कमरेइतके उंच. पात्राच्या कडेला दोरखंडासारखा पीळ, त्याखाली द्राक्षवेलीची किंवा पानांची पट्टी. समृद्ध नमुन्यांत बैठकीच्या चार कोपऱ्यांवर चार सिंह बसवलेले असतात, क्वचित सिंहांच्या जागी माणसांच्या आकृती. सिंहांचा अर्थ दोन प्रकारे लावतात. काहींच्या मते ते राखणदार आहेत, काहींच्या मते पवित्र जलाच्या भाराखाली दबलेली दुष्ट शक्ती. ज्या कारागिरांनी सिंह कधी पाहिले नव्हते त्यांनी ते घडवले, म्हणून त्यांचे चेहरे कुत्र्याचे, मांजराचे, कधी थेट शेजाऱ्याचे वाटतात. याला अडाणीपणा म्हणणे चुकीचे आहे. दगडाच्या वजनाची आणि आकाराची इतकी नेमकी जाण त्या काळच्या मोठ्या शहरांतल्या शिल्पांतही नेहमी दिसत नाही.

पात्र एवढे मोठे का, याचे उत्तर विधीत आहे. त्या काळी तान्ह्या बाळाच्या डोक्यावर नुसते पाणी न ओतता त्याला पाण्यात बुडवून काढीत. मराठी ख्रिस्ती समाजात या विधीला बाप्तिस्मा म्हणतात, कॅथलिकांत ‘स्नानसंस्कार’ हा शब्दही रूढ आहे; या जुन्या कुंडांपाशी उभे राहिल्यावर स्नान हा शब्द किती नेमका आहे ते पटते. पाणी ईस्टर आणि पेंटेकॉस्टच्या पूर्वसंध्येला मंत्रून पुढे वापरायचे असे. वालुकाश्म पाणी शोषतो, म्हणून पात्राला आतून शिशाचे अस्तर देत. ते पाणी जादूटोण्यासाठी पळवले जाईल या भीतीने कुंडावर झाकण आणि कुलूपही असे. कुंड असणे हा चर्चचा अधिकारही होता. बाप्तिस्मा देण्याचा हक्क ज्या चर्चला, ते धर्मग्रामाचे मुख्य चर्च. म्हणून दगडाचे असे कुंड विकत आणणे हे त्या शेतकरी गावाचे आपल्या स्वतंत्र स्थानाविषयीचे जाहीर विधान होते.

१५९४ मध्ये ग्रोनिंगेन शहर स्पेनविरुद्ध लढणाऱ्या डच सैन्याचा सेनापती नासाऊचा मॉरिस याला शरण गेले आणि प्रांतात कॅल्व्हिनच्या मताचे सुधारित चर्च हाच एकमेव अधिकृत पंथ झाला. नव्या पंथाला मंतरलेले पाणी मान्य नव्हते. बाप्तिस्मा प्रवचनपीठाजवळ, सगळ्या मंडळीसमोर, धातूच्या लहान पात्रातून होऊ लागला. जुनी कुंडे निरुपयोगी ठरली. उत्तर नेदरलँड्समध्ये कित्येक कुंडे अंगणात नेऊन गुरांना पाणी पाजायला, पावसाचे पाणी साठवायला किंवा फुलझाडे लावायला वापरली गेली. काही फोडली गेली, काही जमिनीत पुरली गेली. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत त्यांतली बरीच पुन्हा चर्चमध्ये किंवा संग्रहालयांत आली. ज्या शेतकऱ्यांनी ती गोठ्यापाशी ठेवली त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या हातून ती वाचली.

या दगडाची एक दुसरी किंमतही नोंदवली पाहिजे. क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात साचून दगडफोड्यांना सिलिकोसिस होत असे. त्यामुळे नेदरलँड्सने १९५१ मध्ये वालुकाश्म घडवण्यावर कायद्याने बंदी घातली. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी तेवढी सवलत मिळू शकते. पात्रावरच्या वेलीचे प्रत्येक पान कोणाच्या तरी श्वासाच्या मोलाने कोरले गेले आहे.

अलीकडच्या काळात धोका जमिनीखालून आला. १९५९ मध्ये स्लोख्टेरनजवळ सापडलेल्या प्रचंड वायुसाठ्याच्या उपशामुळे या प्रदेशात भूकंप होऊ लागले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी ह्युझिंगे येथे झालेला ३.६ तीव्रतेचा धक्का त्यांतला सर्वांत मोठा. घरांबरोबर मध्ययुगीन चर्चच्या भिंतींनाही तडे गेले. २०२४ मध्ये हे वायुक्षेत्र कायद्याने कायमचे बंद करण्यात आले.

आम्सटरडॅमला जाणारा प्रत्येक पर्यटक दाम चौकातील राजवाडा पाहतो. १६४८ मध्ये नगरभवन म्हणून बांधायला घेतलेल्या त्या वास्तूच्या दर्शनी भिंती बेंटहाइमच्याच वालुकाश्माच्या आहेत. बीरुमचे कुंड तिच्याहून सुमारे चारशे वर्षांनी जुने आहे.