चुकांच्या मोजणीकडून चुकांच्या वाचनाकडे : अमेरिकेतील स्पेलिंग चाचण्यांचा इतिहास (१८९७–१९९६)

अमेरिकेतील प्राथमिक शाळांत इंग्रजी स्पेलिंगची चाचणी ही शतकभर जवळजवळ एकाच स्वरूपात घेतली गेली. शिक्षकाने शब्द उच्चारावा आणि विद्यार्थ्याने तो लिहावा, एवढेच तिचे बाह्यरूप होय. मात्र उत्तरपत्रिकेतून नेमके काय जाणून घ्यावयाचे, याविषयीची धारणा या काळात मुळापासून बदलली. प्रस्तुत निबंधात या बदलाचा मागोवा घेतला आहे.

नोआ वेब्स्टर यांचे १७८३ मधील स्पेलिंग-पुस्तक अनेक पिढ्यांनी पाठ केले. या घोकंपट्टीवर पहिला मोठा आघात जोसेफ मेयर राइस यांनी केला. राइस हे मूळचे वैद्य. सुमारे ३३,००० विद्यार्थ्यांच्या चाचण्यांच्या आधारे त्यांनी १८९७ मध्ये ‘द फोरम’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, स्पेलिंगसाठी दररोज पंधरा मिनिटांहून अधिक वेळ दिल्याने विशेष लाभ होत नाही. हा निष्कर्ष त्या काळी धाडसीच म्हणावा लागेल. परंतु राइस यांचा प्रश्न वेळेच्या काटकसरीचा होता, मुलाच्या आकलनाचा नव्हे.

१९१५ मध्ये लिओनार्ड आयर्स यांनी रसेल सेज फाउंडेशनतर्फे स्पेलिंगची मोजपट्टी प्रसिद्ध केली. लेखनात वारंवार येणारे १००० शब्द काठिण्यानुसार २६ गटांत विभागून, कोणत्या इयत्तेत किती टक्के मुले ते अचूक लिहितात हे त्यांनी दाखविले. त्यासाठी ८४ शहरांतील ७०,००० मुलांनी लिहिलेल्या १४ लाख शब्दांचा आधार घेण्यात आला. या प्रचंड सामग्रीतून शब्दाचे काठिण्य ठरले, शाळांची तुलना शक्य झाली. पण चुकलेल्या मुलाने प्रत्यक्षात काय लिहिले होते, ते टक्केवारीत लोपले. निदानाला लागणारी सामग्री हाती होती, आणि तीच गुणदानात टाकून देण्यात आली, असे म्हणावे लागते.

ही टाकून दिलेली सामग्री चार्ल्स रीड यांनी पुन्हा उचलली. शाळेत जाण्यापूर्वीच स्वतःच्या समजुतीने लिहू लागलेल्या बालकांच्या लेखनाचा त्यांचा अभ्यास १९७१ मध्ये ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला. ‘ट्रक’ या शब्दाचा आरंभ ही बालके ‘टी’ऐवजी ‘सी-एच’ने करीत. वरवर पाहता हा निष्काळजीपणा वाटतो; परंतु इंग्रजीत ‘आर’पूर्वीच्या ‘टी’चा उच्चार खरोखरच ‘च’कडे झुकतो. व्यंजनापूर्वीचा अनुनासिक वर्णही ही बालके बहुधा गाळीत. (मराठीत हा वर्ण अनुस्वार होऊन अक्षराच्या डोक्यावर जातो, इंग्रजीत त्याला ओळीत स्वतंत्र अक्षर द्यावे लागते.) चूक ही अज्ञानाची नव्हे, तर एका सुसंगत ध्वनिविचाराची खूण असू शकते, हे रीड यांनी सिद्ध केले.

व्हर्जिनिया विद्यापीठात एडमंड हेंडरसन व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या विचाराला वर्गाध्यापनाशी जोडले. त्या परंपरेतून डोनाल्ड बेअर, मार्सिया इन्व्हर्निझी, शेन टेम्पलटन आणि फ्रान्सिन जॉन्स्टन यांचा ‘वर्ड्स देअर वे’ हा ग्रंथ १९९६ मध्ये आला. त्यातील प्राथमिक स्तरावरील एका चाचणीत केवळ २५ शब्द असून ‘बेड’पासून ‘ऑपोझिशन’पर्यंत ते क्रमाने कठीण होत जातात. येथे शब्द बरोबर की चूक एवढेच न पाहता त्याचा प्रत्येक घटक तपासला जातो. ‘फ्लोट’ हा शब्द एका मुलाने ‘एफ-एल-ओ-टी’ असा, तर दुसऱ्याने शेवटी ‘ई’ जोडून लिहिला, असे समजू. आयर्स यांच्या मोजपट्टीवर दोघेही सारखेच नापास. परंतु दीर्घ स्वरासाठी एखादे अनुच्चारित अक्षर लागते हे दुसऱ्याला उमगले आहे. ‘ओ’नंतर ‘ए’ हवा, एवढेच त्याला ठाऊक नाही. मूल जे वापरू पाहते पण ज्यात गोंधळते, तेथूनच त्याचा पाठ सुरू करावा, हे या पद्धतीचे सूत्र होय. म्हणून दुसऱ्या मुलाला दीर्घ स्वराच्या निरनिराळ्या लेखनप्रकारांच्या शब्दपट्ट्या वेगवेगळ्या स्तंभांत लावावयास दिल्या जातात. पहिल्याला आधी ऱ्हस्व व दीर्घ स्वरांच्या शब्दांची तुलना करावयास लावतात.

या मांडणीतील टप्प्यांच्या कल्पनेवर आक्षेपही घेतले गेले. बेथनी रिटल-जॉन्सन व रॉबर्ट सीग्लर यांनी १९९९ मध्ये दाखविले की, एकच मूल एकाच काळात काही शब्द स्मरणाने, तर काही ध्वनी जुळवून लिहिते. हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्यामुळे टप्प्याचे नाव संशयास्पद ठरते, चुकीचे वाचन नव्हे. अधिक खरी अडचण वेळेची आहे. प्रत्येक मुलाची उत्तरपत्रिका घटकवार तपासून त्यानुसार शब्दपट्ट्या तयार करणे एकट्या शिक्षकाला जड जाते. त्यामुळे वैयक्तिक म्हणविले जाणारे हे अध्यापन प्रत्यक्ष वर्गात बहुधा तीन-चार गटांचे अध्यापन असते.