पायाचा चर आणि खोदाईचा मक्ता

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत घराण्यांचे इतिहास नेहमी प्रसिद्ध होतात. वास्तू कोणत्या पुरुषाने बांधली, माडी कोणी चढविली, हे वाचून समाधान होते. तथापि त्या वास्तूच्या पायाचा चर कोणी खणला, त्यास काय दिले व कोणत्या मापाने दिले, याचा उल्लेख बहुधा आढळत नाही. कुंडलिकेच्या दोन्ही काठांस, रोह्यात व अष्टमीत, जुनी घरे उतरवून नवी बांधण्याचे काम अनेक कुटुंबांनी काढले आहे. अशा वेळी या विषयाची पूर्वपीठिका वाचकांपुढे ठेवणे अप्रस्तुत होणार नाही.

आमच्या भागात माती खणणे हे सर्वस्वी मक्त्याचे काम नव्हते. खाडीकाठी खारजमिनी राखणारे बांध शेतकरी मिळून घालीत. उधाणाने बांधास खांड पडली म्हणजे आपापल्या शेतासाठी सर्वांनाच फावडे घ्यावे लागे. घराच्या पायाची गोष्ट निराळी. तेथे खणणारा एक आणि राहणारा दुसरा, म्हणून मोल आले, आणि मोलाबरोबर माप आले.

हे काम महाराष्ट्रात पिढ्यानुपिढ्या मुख्यतः वडार लोकांनी केले. तेलुगु व कानडी मुलखांतून आलेल्या या समाजात माती वडार, गाडी वडार, पाथरवट असे कामावरून पडलेले भेद आहेत. विहिरी, तळी, रस्ते, लोहमार्ग यांत त्यांच्या टिकावाचा भाग किती मोठा, हे सांगावयास नकोच. आणि तरीही इंग्रजी अमदानीत यांच्यातील काही गटांवर गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का बसला होता! १८७१ चा तो कायदा देशभर रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले. ज्यांनी इतरांच्या घरांचे पाये घातले, त्यांच्यातील कित्येकांना स्वतः मात्र पोलिसांत हजेरी द्यावी लागे.

आता मापाविषयी. खोदाईचा हिशोब ब्रासने होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. चर १०० फूट लांब, ३ फूट रुंद व ४ फूट खोल असेल तर १२ ब्रास. येथवरचे गणित शाळेतील कोणताही मुलगा करील. परंतु खणलेली माती फुगते. चवथा हिस्सा वाढ धरली तर तीच माती बाहेर १५ ब्रास भरते. म्हणून चराचे पोट मोजावयाचे की मालमोटारीतील ढीग, हे आधी ठरले नाही तर तंटा ठेवलेलाच. जुन्या कामगारांनी यावर सुंदर उपाय योजिला होता. मोठा खड्डा खणताना मध्ये मध्ये मातीचा एखादा उंचवटा मूळ पातळीपर्यंत तसाच साक्षीला ठेवीत. माप होऊन पैसे हातावर पडले की मगच तो पाडावयाचा. न लिहिता केलेला हा करारनामा आम्हांस कोणत्याही स्टॅम्पाच्या कागदाहून कमी वाटत नाही.

मालक आणि खणणारा यांच्यामध्ये पोटमक्तेदार आला म्हणजे काय होते, याचा ठळक दाखला आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरच आहे. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली फॅव्हिएल नामक इंग्रज मक्तेदाराने आरंभिले. मजुरी पोटमक्तेदारांच्या हातांतून जाई, आणि ती वेळेवर व पुरती खाली पोचत नसे. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा क्षोभ होऊन दंगा झाला, त्याची सरकारी चौकशी झाली आणि त्याच वर्षी फॅव्हिएलकडून काम गेले. पुढचा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येताच अल्पावधीत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने मात्र मक्ता सोडला नाही; अनुभवी माणसे नेमून तिने काम पुरे केले. १८६१ साली या घाटात एका वेळी ४२ हजारांपर्यंत माणसे राबत होती, आणि एप्रिल १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. दरम्यान १८६० साली सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निवडावेत असा कायदा झाला. त्यात काम टाकून जाणाऱ्या मजुरास तुरुंग होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. हा कायदा १९३२ साली रद्द झाला.

आज चर बहुधा जेसीबी यंत्राने होतो. ज्या कंपनीच्या नावाने हे यंत्र ओळखले जाते ती इंग्लंडात १९४५ साली निघाली व १९७९ पासून तिची यंत्रे हिंदुस्थानात बनू लागली. येथे ब्रास जाऊन तास आला, म्हणून यंत्राचा येण्याजाण्याचा वेळ कोणाच्या माथी, हे प्रथम विचारावे. खाली मुरूम लागला तर एक दर, कातळ लागला तर दुसरा. पाणी लागल्यास ते उपसण्याचा खर्च कोणाचा. माती कोठे टाकावयाची. जुना नळ अथवा विजेची तार तुटल्यास भरपाई कोणी करावयाची, हे सारे विसार देण्यापूर्वी कागदावर यावे. माती ओढ्यात लोटून स्वस्तात काम करून देणारा आम्हांस तरी नको.

यंत्र आले तरी माणूस चराबाहेर आला नाही. बकेटच्या दातांनी तळ भुसभुशीत होतो, म्हणून शेवटचे चार-सहा इंच हातांनीच साफ करावे लागतात. नदीकाठच्या ओल्या मातीत कड केव्हा ढासळेल याचा नेम नसतो. चर दीड मीटरहून, म्हणजे सुमारे पाच फुटांहून खोल असेल, तर फळ्यांचा आधार द्यावा, आणि काढलेली माती काठापासून निदान तितकीच दूर टाकावी, असे भारतीय मानकात सांगितले आहे. या फळ्यांचा खर्च दरपत्रकात आहे की नाही, हे घरधन्याने पाहावे. मजूर तो विचारीत नाही, कारण विचारले तर दुसऱ्या दिवशी त्यास बोलावणे येत नाही.