नोटबुकसाठी विलग सॉफ्टवेअर-पर्यावरण

वैज्ञानिक पाठाच्या नोटबुकला (मजकूर, कोड आणि आलेख एकत्र ठेवणाऱ्या फाइलला) लागणारी पायथनची नेमकी आवृत्ती आणि लायब्रऱ्या संगणकावरील इतर कामांपासून वेगळ्या ठेवण्याची व्यवस्था. पायथनमध्ये ही सोय ‘व्हेन्व’ या नावाने आवृत्ती ३.३ पासून (२०१२) अंगभूत आहे. पायथनबाहेरच्या लायब्रऱ्याही सोबत हव्या असतील तर ‘कोंडा’ वापरतात. ही व्यवस्था म्हणजे पाठ सुरू होण्याआधीची किरकोळ तयारी समजली जाते. वस्तुतः ती पाठाचाच भाग आहे.

परभणी जिल्ह्यातील पाथरीच्या विद्यार्थ्याला याचे जवळचे उदाहरण शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात सापडते. औंढा नागनाथजवळ (हा भाग १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता) लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा नियोजित असून एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिथली निरीक्षणे मिळायला अवकाश आहे. पण १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोने टिपलेल्या पहिल्या लहरीची विदा सर्वांसाठी खुली आहे, तीही शिकवणाऱ्या नोटबुकांसह. सेकंदाला ४,०९६ नोंदींची ती फाइल उघडायची, गोंगाट गाळायचा आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा संकेत आलेखावर आणायचा, असा हा पाठ. तो पाथरीतल्या साध्या लॅपटॉपवरही चालतो, मात्र लायब्रऱ्या जुळल्या तर. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीने ‘एनपी डॉट फ्लोट’ हे टोपणनाव १.२० मध्ये (२०२१) कालबाह्य ठरवले आणि १.२४ मध्ये (डिसेंबर २०२२) काढूनच टाकले. ते वापरणारी जुनी नोटबुके ही नवी आवृत्ती बसवताच अडली. त्यांतले भौतिकशास्त्र जिथल्या तिथे होते. गिटहब या कोड-संकेतस्थळावरील लाखो नोटबुके तपासणाऱ्या २०१९च्या अभ्यासात चालवून पाहिलेल्यांपैकी जेमतेम २४ टक्के विनाचूक चालली, आणि मूळचेच निकाल केवळ ४ टक्क्यांनी दिले. सगळा दोष पर्यावरणाचा नव्हे. नोटबुकमधले कोडचे कप्पे उलटसुलट क्रमाने चालवणे आणि विदेची फाइल सोबत नसणे हेही त्यात आले. पण न सापडणारी लायब्ररी हे ठळक कारण होतेच.

ब्राउझरमध्येच नोटबुक चालवणारी गुगलची सेवा ‘कोलॅब’ असताना हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पहिल्या तासापुरता तो बरोबर आहे. मात्र तिथल्या आवृत्त्या कोलॅबच्या वेळापत्रकानुसार बदलतात आणि इंटरनेट गेले की पाठ थांबतो. दुसरा आक्षेप जागेचा: दर पाठाला वेगळे पर्यावरण केले तर डिस्क भरेल. तो जास्त वजनदार आहे, कारण एकेक पर्यावरण सहज काही जीबी खाते. त्यावर तोडगा म्हणजे एका अभ्यासक्रमाला एकच पर्यावरण ठेवणे. लायगोच्या संशोधकांची सामायिक कोंडा-पर्यावरणे याच धर्तीची आहेत. आवृत्त्या गोठवल्या की सुधारणाही मिळत नाहीत, हा तिसरा आक्षेप. म्हणून दोन फाइली ठेवाव्यात: एकीत लायब्रऱ्यांची सैल यादी, दुसरीत पाठ शेवटचा नीट चालला तेव्हाचे नेमके आकडे.

नवशिक्याचा घोटाळा मात्र बहुधा वेगळ्याच ठिकाणी होतो. पर्यावरण तयार असते, टर्मिनलमध्ये लायब्ररीही बसवलेली असते, तरी नोटबुक ती सापडत नसल्याचे सांगते, कारण त्याचा कर्नल (कोड प्रत्यक्ष चालवणारा भाग) अजून जुन्याच पायथनवर असतो. नोटबुकमध्ये ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ छापून पाहिले की चालू पायथनचा पत्ता कळतो. तो नव्या पर्यावरणाच्या फोल्डरातला नसेल, तर ‘आयपीवायकर्नल’ त्या पर्यावरणात बसवून कर्नलची नोंद करावी लागते आणि मग मेनूतून तोच निवडावा लागतो.